नव्या एसएमपीएसला जुनी केबल

माझ्या डीटीपीच्या दुकानातलं मशीन २०१४ सालचं आहे. एच-८१ चा मदरबोर्ड, चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची एकच हार्डडिस्क, एक डीव्हीडी रायटर आणि विंडोज सेव्हन. दुकानात येणाऱ्या पोरांना ते जुनाट वाटतं. पण माझ्या पेजमेकरच्या फायली, जुने मराठी फॉन्ट आणि त्या फॉन्टचं डोंगल (ते लावल्याशिवाय फॉन्ट चालत नाहीत) हे सगळं त्याच मशीनवर सुखाने चालतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की जोडाक्षरं तुटतात, रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि प्रूफ पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावं लागतं. म्हणून मी ते मशीन जपते. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत महापूर आला, तेव्हा दुकानात पाणी शिरायच्या आदल्या रात्री हे कॅबिनेट चादरीत गुंडाळून वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे नेऊन ठेवलं होतं. टेबल गेलं, कागदाची रिमं गेली, कॅबिनेट राहिलं.

गेल्या पावसाळ्यात त्याने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी बटण दाबलं की दिवा लागायचा आणि विझायचा. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबलं की सुरू. एकदा सुरू झालं की दिवसभर ठीक. मग एक दिवस स्मरणिकेचं पान उघडं असताना आपोआप रिस्टार्ट झालं. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, ९६ पानांची, त्यातली ७१ लागून झाली होती. माझ्या पोटात गोळा आला.

माझा भाचा पुण्यात इलेक्ट्रॉनिक्समध्ये नोकरी करतो. मल्टिमीटर कसा धरायचा हे त्यानेच मला शिकवलंय. व्हिडिओ कॉलवर त्याने विचारलं, "मावशी, मशीन बंद असताना माउसचा लाल दिवा लागलेला असतो का?" असतो. "कसा असतो, स्थिर की लुकलुकता?" मी नीट बघितलं. लुकलुकत होता.

त्याने जांभळी वायर मोजायला सांगितली. एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, बोर्डाला जाणारा जो मोठा २४ पिनांचा कनेक्टर असतो, त्यात एक जांभळी वायर असते. मशीन बंद असलं तरी भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत तिच्यात ५ व्होल्ट असतात. त्यावर बोर्ड अर्धवट जागा असतो, बटणाची वाट बघत, आणि माउसचा दिवाही त्यावरच लागतो. तुम्ही बटण दाबलं की बोर्ड हिरवी वायर जमिनीला, म्हणजे काळ्या वायरला टेकवतो. एसएमपीएस उठतो, १२, ५ आणि ३.३ व्होल्ट जागेवर आले की करड्या वायरवरून "सगळं ठीक" असा इशारा देतो, आणि मग प्रोसेसर कामाला लागतो. हा इशारा यायला साधारण १०० ते ५०० मिलिसेकंद लागतात. माझ्या जांभळ्या वायरमध्ये ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये काहीतरी असायला हवं होतं. मीटर ४.४ दाखवत होता, आणि आकडा थरथरत होता. पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारला तर आतल्या दोन कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची, डोकी फुगलेली दिसली. चांगल्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं.

झाकण उघडून ते कपॅसिटर बदलता येतात, पण भाच्याने मला झाकणाला हात लावू दिला नाही. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर आतला मोठा कपॅसिटर तीनशेच्या वर व्होल्ट साठवतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ धरून ठेवतो. ते माझं काम नाही हे मला पटलं. नवा एसएमपीएस मागवला. ५५० वॉटचा, पूर्ण मॉड्युलर, म्हणजे सगळ्या केबली काढता-लावता येणारा, जुना होता त्याच कंपनीचा. दहा वर्षं चाललेल्या वस्तूवर विश्वास बसतो, म्हणून तीच कंपनी.

आता जे झालं ते मी नीट सांगते, कारण यात माझी एक कृती आहे आणि तीच सगळ्याचं मूळ आहे.

जुना एसएमपीएस अर्धा मॉड्युलर होता. म्हणजे बोर्डाच्या आणि प्रोसेसरच्या वायरी त्याच्या अंगातूनच निघालेल्या, पण डिस्कला जाणारी साटा पॉवरची केबल मागच्या सॉकेटमधून काढता यायची. ती केबल मी पुरानंतर मशीन परत लावताना फार निगुतीने ओढली होती. बोर्डाच्या पत्र्यामागून, सात केबल टाय मारून, डिस्कपर्यंत आणि तिथून वर डीव्हीडी रायटरपर्यंत. नव्या खोक्यात नव्या केबली होत्याच. पण पत्रा उघडा, सात टाय कापा, पुन्हा बांधा, एवढं करायचं जिवावर आलं होतं. रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि सकाळी शाळेचे मुख्याध्यापक पानं बघायला यायचे होते. नव्या एसएमपीएसच्या मागे सहा पिनांचं सॉकेट होतं. जुन्या केबलचं टोक सहा पिनांचं होतं. खटका बसल्याचा आवाज आला. बसली म्हणजे बरोबर असणार, असं मी धरून चालले.

बाकी सगळं मी काळजीने केलं होतं. २४ पिनांचा कनेक्टर दाबून बसवला, कडेचा खटका बसेपर्यंत. प्रोसेसरची केबल आठ पिनांची येते, तिचे चार-चार असे दोन भाग होतात. माझ्या बोर्डावर चारचंच सॉकेट, त्यात एक भाग बसवला, दुसरा मोकळा ठेवला. ग्राफिक कार्डाची सहा-अधिक-दोनची केबलही तशीच दिसते, ती चुकून प्रोसेसरला लागू नये म्हणून खोक्यातच ठेवली. मग भिंतीवरचा स्विच, एसएमपीएसच्या पाठीवरचा स्विच, आणि पुढचं बटण.

टक्.

पंखा पाव फेरी फिरला आणि थांबला. एक बारीकसा जळका वास आला, उदबत्ती विझल्यासारखा क्षणभर, आणि गेला. पुन्हा बटण दाबलं, काहीच नाही. साधा टक् आवाजही नाही. नंतर कळलं की चांगला एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो तेव्हा तो तसाच अडून बसतो. पाठीवरचा स्विच बंद करून थोडं थांबलं की तो पुन्हा एकदा प्रयत्न करतो. मी थांबून पुन्हा चालू केला. पुन्हा टक्, पाव फेरी, शांत.

मला वाटलं नवाच खराब आला. म्हणून तो काढला आणि जुना परत लावला. जुना कसाही असला तरी तिसऱ्या दाबाला सुरू व्हायचा. जुन्यावरही तेच. टक्, पाव फेरी, शांत. दहा वेळा दाबलं.

त्या वेळी मला खरंच रडू आलं. दोन एसएमपीएसवर तेच होतंय म्हणजे बोर्ड गेला, असाच कोणीही अर्थ काढेल, मीही काढला. माझ्यासारखा एच-८१ चा बोर्ड आता नवा मिळणं अवघड. शाळेच्या जुन्या शिक्षकांनी हाताने लिहून दिलेले लेख मी टाइप करून कागद परत पाठवले होते. एका गुरुजींनी थरथरत्या अक्षरात अकरा पानं लिहिली होती. ती आता फक्त त्या डिस्कमध्ये होती. शेवटचा बॅकअप दिवाळीतला.

रात्री अकराला भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "बोर्ड गेला हे आत्ताच ठरवू नकोस. सगळं काढ. बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम, बास. डिस्क नको, रायटर नको, यूएसबी नको, डोंगलसुद्धा काढ."

काढलं. नवा एसएमपीएस पुन्हा जोडला, फक्त बोर्डाला. बटण दाबलं आणि पंखा फिरला, फिरतच राहिला. स्क्रीनवर बोर्डाच्या कंपनीचं चित्र आलं, मग बूट करायला डिस्क सापडत नाही अशी पांढरी ओळ. ती ओळ बघून मला इतकं बरं वाटलं. बोर्ड जिवंत होता.

मग बंद करून एकेक जोडत जायचं. रायटर जोडला, मशीन सुरू झालं, पण रायटरचा ट्रे बाहेर येईना. नाकाजवळ नेला तर तो उदबत्तीचा वास त्याच्यातूनच येत होता. तो बाजूला ठेवला. डिस्क जोडली आणि टक्, पाव फेरी, शांत.

म्हणजे अडवत होती डिस्क. तिच्यात आत कुठेतरी शॉर्ट होता, आणि कुठलाही एसएमपीएस लावला तरी तो शॉर्ट बघून माघार घेत होता. म्हणून जुन्यावरही तेच झालं होतं.

"मावशी," भाचा हळू आवाजात म्हणाला, "साटाची केबल कुठली लावलीस?"

"तीच. आधीची."

"काढली नाहीस?"

"त्याच कंपनीची आहे रे. बसली की बरोबर."

तो काही बोलला नाही. मग त्याने मला एक मापन करायला लावलं. ते मी रोजच्या वहीत लिहून ठेवलंय. नवा एसएमपीएस कॅबिनेटबाहेर टेबलावर ठेवला, कशालाही न जोडता. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये जुन्या एसएमपीएसला हिरवी वायर डोळ्यांना दिसायची, तिच्या दोन्ही बाजूंना काळ्या. नव्याच्या सगळ्याच वायरी काळ्या, त्यामुळे पुस्तिकेतल्या आकृतीवरून पिन मोजत गेले, दोनदा मोजल्या. यू-पिन सरळ करून हिरवीच्या जागेत एक टोक, शेजारच्या जमिनीच्या जागेत दुसरं. पाठीवरचा स्विच टाकला, पंखा फिरायला लागला. मागच्या सॉकेटमध्ये ती जुनी साटाची केबल, दुसरं टोक मोकळं.

जुन्या केबलच्या वायरी रंगीत होत्या. लाल म्हणजे ५ व्होल्ट, पिवळी म्हणजे १२, हे सगळ्या कॉम्प्युटरवाल्यांना तोंडपाठ असतं. मीटरची काळी सळई काळ्या वायरीच्या जागी टेकवली, लाल सळई लाल वायरीच्या जागी.

१२.१.

सळई काढली, परत टेकवली. १२.१. पिवळीवर टेकवली, ५.०४. लाल वायरीत १२ व्होल्ट आणि पिवळीत ५. मग खोक्यातली नवी केबल लावून त्याच जागा मोजल्या. जिथे ५ हवेत तिथे ५.०५, जिथे १२ हवेत तिथे १२.१. एसएमपीएसमध्ये काहीही दोष नव्हता. केबल चुकीची होती.

भाच्याने मग समजावलं ते असं. इंटेलने १९९५ साली एटीएक्सची मापं ठरवून दिली, त्यात बोर्डाला लागणारं टोक कसं असावं, कुठल्या पिनेवर काय यावं हे ठरलेलं आहे. डिस्कला लागणारं साटाचं १५ पट्ट्यांचं टोकही सगळीकडे एकसारखंच असतं. म्हणून ती टोकं कुठल्याही कंपनीची कुठेही चालतात, आणि त्याचीच आपल्याला सवय होते. पण मॉड्युलर केबलचं दुसरं टोक, जे एसएमपीएसच्या पाठीत जातं, ते कुठेही ठरलेलं नाही. ज्याची त्याची मर्जी. एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्येसुद्धा पिनांची जागा बदललेली असू शकते, आणि प्लॅस्टिकचं सॉकेट मात्र दोन्हीकडे सहा पिनांचंच असतं. ते बसतं, खटका वाजतो, आणि तो खटका काहीच सांगत नाही. माझं म्हणणं आहे की हे खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहायला हवं. पुस्तिकेत होतं, चौदाव्या पानावर, बारीक टायपात. ते मी नंतर वाचलं. बारीक टाइप वाचणं हाच माझा धंदा आहे, म्हणून ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना फोन करून खरं ते सांगितलं आणि चार दिवस मागितले. त्यांनी दिले. मग डिस्क घेऊन हिंडले. एका ठिकाणी डेटा काढून द्यायचे १८,००० सांगितले. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, याच मॉडेलची जुनी डिस्क शोधा, तिची खालची सर्किटची हिरवी पट्टी काढून हिला लावू. भाच्याने ते करू दिलं नाही. त्या पट्टीवरच्या एका चिपमध्ये त्या त्या डिस्कची स्वतःची मापं साठवलेली असतात. दुसऱ्या डिस्कची पट्टी सरळ लावली तर ती आपल्या डिस्कला ओळखत नाही. आपल्या पट्टीवरची ती चिप काढून दुसऱ्या पट्टीवर बसवावी लागते.

त्याने मला डिस्कचा खालून काढलेला फोटो पाठवायला सांगितला आणि त्यावर लाल गोल करून परत पाठवला. पॉवरचं टोक जिथे बसतं त्याच्या अगदी जवळ दोन काळे चौकोनी तुकडे होते, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे. ते टीव्हीएस डायोड. एक ५ व्होल्टच्या वाटेवर, एक १२ च्या. एरवी ते काहीच करत नाहीत, वाटेच्या कडेला उभे असतात. पण ५ च्या वाटेवर व्होल्ट साडेसहा-सातच्या वर गेले की तो डायोड उघडतो आणि सगळा करंट स्वतःतून जमिनीत ओढून घेतो. आत पुढच्या चिपांपर्यंत १२ व्होल्ट पोहोचू देत नाही. फार झालं तर तो स्वतः शॉर्ट होऊन मरतो, आणि त्या शॉर्टमुळे एसएमपीएस बंद पडतो. माझ्या पहिल्या टक् आवाजात हेच झालं होतं. डीव्हीडी रायटरमधलं नाजूक सामान मात्र त्या दणक्यात वाचलं नव्हतं.

मी मीटर बीपवर लावला. १२ च्या डायोडवर आवाज नाही. ५ च्या डायोडवर सलग बीप, म्हणजे शॉर्ट. आकडा ०.४ ओहम.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या मुलाकडे गरम हवेचं मशीन आणि सूक्ष्मदर्शक आहे. त्याला फोटो दाखवला, भाच्याशी बोलणं करून दिलं. तो म्हणाला, "काकू, डायोड काढायचं पाच मिनिटांचं काम आहे, पण मोडलं तर मला बोलू नका." मी म्हटलं, नाही बोलणार. त्याने चांदणीच्या खाचेचे सहा स्क्रू काढले, पट्टी उलटी केली. शेजारच्या चिपवर उष्णता अडवणारी पिवळी टेप चिकटवली, चिमट्याने डायोड धरला आणि गरम हवा मारली. कथलाची चमक ओली झाली, आणि तो दाणा सुटून चिमट्यात आला. पट्टीवर त्याच जागी पुन्हा मीटर लावला. बीप गेला होता. सुटलेल्या डायोडच्या दोन टोकांना लावला, तिथे बीप. म्हणजे दोष त्याच्यातच होता, बाकी वाट मोकळी होती.

त्याने पैसे घेतले १५०. मी ५०० पुढे केले, त्याने ३५० परत दिले.

घरी येऊन पत्रा उघडला. सातही टाय कापले. जुनी केबल बाहेर ओढली, नवी घातली. डिस्कला जोडायच्या आधी टोकावर पुन्हा मोजलं, ५.०५, १२.१. मग जोडलं. देवासमोर दिवा लावून आले आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. मी कान डिस्कशी नेला. आधी हळू घूं, मग तो वर चढत गेला, मग ते ओळखीचं खर्र, खर्र, दहा वर्षं ऐकलेलं. विंडोजचे चार रंग एकत्र आले. मी तिथेच खाली फरशीवर बसले.

त्या डिस्कच्या ५ व्होल्टच्या वाटेवर आता पहारेकरी नाही, त्यामुळे तिच्यावर काम करायचं नाही असं भाच्याने बजावलं होतं. आधी कॉपी. बाहेरची डिस्क लावली आणि पेजमेकरच्या फायली, फॉन्ट, फोटो असं सगळं ओतायला सुरुवात केली. लहान लहान फायली फार, त्यामुळे पाच तास लागले. मी तोवर उठले नाही. स्मरणिकेचं फोल्डर सगळ्यात आधी घेतलं होतं, तरी शेवटची फाइल जाईपर्यंत शेजारी बसून राहिले. नंतर नवी डिस्क घालून तिच्यावर विंडोज चढवली, डोंगल लावलं आणि गुरुजींचा लेख उघडला. अकरा पानं, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही.

स्मरणिका ठरल्या दिवसाच्या तीन दिवस उशिरा छपाईला गेली. तो डायोड मी वहीत सेलोटेपने चिकटवून ठेवलाय, १२.१ या आकड्याशेजारी.

राहिला जुना एसएमपीएस. मागच्या महिन्यात भंगारवाले दादा आले तेव्हा तो दिला. त्यांनी वजन केलं आणि विचारलं, "ताई, ती वायर वेगळी ठेवलीय ती पण द्या की, तांब्याचा भाव वेगळा मिळतो." मी साटाची केबल हातात घेतली. चांगली दिसत होती, कुणाच्याही हातात गेली तर तो कुठल्यातरी एसएमपीएसला लावून बघेल अशी. पक्कड आणून तिचं सहा पिनांचं टोक कापलं, दोन तुकडे केले, आणि मग वायर त्यांच्या पोत्यात टाकली.